हवेतला नत्र आणि भाताचे खाचर

चेन्नईच्या उत्तरेस मणली नावाची औद्योगिक वसाहत आहे. तेथून पोन्नेरीच्या बाजूस निघाले, की धुराडी मागे पडतात आणि भाताची खाचरे दिसू लागतात. मणलीत खताचा मोठा कारखाना आहे. तो कारखाना काय किंवा ही खाचरे काय, दोहोंचा व्यवहार एकाच पदार्थाशी आहे, तो म्हणजे नत्र.

श्रोतेहो, नत्र काही दुर्मिळ नव्हे. हवेच्या शंभर भागांपैकी ७८ भाग नत्राचेच. एक एकर शेतावर जी हवा उभी असते, तिच्यात सुमारे ३० हजार टन नत्र भरतो. टनभर भात पिकण्यास मात्र १५ ते २० किलो पुरतो! तरीही रोपे नत्रावाचून पिवळी पडतात आणि शेतकरी खताच्या पोत्यासाठी उसनवारी करतो. असे का व्हावे?

नत्राचे दोन अणू एकमेकांस तिहेरी बंधाने जखडलेले असतात, आणि तो बंध तोडणे वनस्पतीस साधत नाही. तो तुटून अमोनिया किंवा नायट्रेट यांसारखे संयुग झाले, तरच नत्र मुळांवाटे वर चढतो व त्यातून हरितद्रव्य आणि प्रथिने घडतात. आकाशातील विजेमुळेही थोडा नत्र बांधला जाऊन पावसाबरोबर उतरतो. पण तो थोडाच.

मणलीच्या मद्रास फर्टिलायझर्सची स्थापना १९६६ साली झाली व १९७१ मध्ये उत्पादन सुरू झाले. पूर्वी नाफ्थापासून आणि २०१९ पासून नैसर्गिक वायूपासून तेथे हायड्रोजन मिळवितात व हवेतील नत्राशी त्याचा संयोग घडवितात. जर्मन रसायनज्ञ हाबर यांनी १९०९ साली करून दाखविलेली ही युक्ती. तिला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. अमोनियापासून पुढे युरिया होतो. त्यात ४६ टक्के नत्र असतो.

आपला शेतकरी हरभऱ्याचा बेवड चांगला म्हणतो, त्याचे मर्मही हेच. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत जिवाणू नत्र बांधतात. भाताच्या मुळांना अशा गाठी नाहीत. तेथे हे काम साचल्या पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ करते, असे पी. के. डे यांनी १९३९ साली प्रतिपादिले. या शेवाळांवरचा 'सायनोफायटा' हा मोठा ग्रंथ मद्रास विद्यापीठातील टी. व्ही. देशिकाचारी यांनी १९५९ साली लिहिला. सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर यांतील पुष्कळ शेवाळांचे तंतू मण्यांच्या माळेसारखे दिसतात, आणि मधूनच एखादा मणी जाड कवचाचा असतो. त्या कवचाचे प्रयोजन तेव्हा निश्चित ठाऊक नव्हते. आज आपण जाणतो, की नत्र बांधणारे द्रव्य प्राणवायूने निकामी होते. त्याला बाहेर ठेवण्यासाठी ही तटबंदी आहे. कारखान्याची भट्टी जे करते, ते येथे उन्हाच्या बळावर, कोमट पाण्यात चालते.

गंमत अशी, की खाचरात युरिया पडला म्हणजे शेवाळ हे मणी घडविणे कमी करते. आयते मिळत असता कष्ट कोण करील? शिवाय पाण्यावर फेकलेल्या युरियापैकी निम्म्याहून अधिक नत्र बहुधा रोपास लाभतच नाही. काही अमोनिया होऊन उडून जातो, तर काही चिखलातील जिवाणू पुन्हा वायुरूप करून हवेत सोडतात.

तरी केवळ शेवाळावर विसंबणे परवडणारे नाही. ते हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र देते. ५ टनांच्या पिकास ७५ ते १०० किलो लागतो. उरलेल्यासाठी पोते फोडावेच लागते. मात्र ते एकदम रिकामे न करता, पाणी उतरवून, दोन-तीन हप्त्यांत द्यावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात.