नवा फिश टँक आणि दिसत नसलेली वाट पाहणं

एमएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र, नेटच्या पेपरात नायट्रोजन चक्रावरचा प्रश्न बरोबर, ज्युनिअर्सना नायट्रिफिकेशन शिकवलेलं. एवढी शिदोरी घेऊन मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत ४० लिटरचा फिश टँक आणला. शनिवारी पाणी भरलं, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले, फिल्टर सुरू केला आणि रविवारी ८ झेब्राफिश सोडले. पुढच्या शनिवारपर्यंत त्यातले ५ मेले. पाणी काचेसारखं नितळ होतं, आणि त्या नितळ पाण्याकडे बघूनच मी आठवडाभर निश्चिंत होतो.

जे मी फळ्यावर काढून दाखवत होतो, तेच माझ्या टँकमध्ये घडत नव्हतं. हे का झालं आणि दुसऱ्या वेळी काय केलं, ते सांगतो. तुमच्यापैकी अनेकांना मासे पाळायचे नसतील, पण प्रयोग उभा करायचा आहेच. त्या दृष्टीनेही वाचा.

टँक ‘सायकल’ होतो म्हणजे काय?

मासे नायट्रोजनयुक्त कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपात, बराचसा कल्ल्यांवाटे, बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरळ होतो. ४० लिटरच्या काचेच्या पेटीत तो जाणार कुठे?

तो संपवतात सूक्ष्मजीव. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घालवतं, म्हणून पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढतो.

हे सूक्ष्मजीव पाण्यात तरंगत नसतात, मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर थर करून राहतात. नव्या टँकमध्ये ते जवळपास नसतात. वाढही फार सावकाश. ई. कोलायची संख्या अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होते. यांना त्यासाठी कित्येक तास, कधी एक दिवस किंवा जास्तही लागतो. म्हणून पूर्ण सायकल व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. मी दिला होता एक दिवस.

आकडा तोच, धोका वेगळा

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: अमोनियम आयन आणि मुक्त अमोनिया. माशाला खरा त्रास मुक्त अमोनियाचा. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. पीएच ८ झाला की तोच साधारण ५ टक्के होतो. म्हणजे किट दोन्हीकडे १ पीपीएम दाखवेल, पण दुसऱ्या टँकमधला मासा जवळपास दहापट विष सोसत असेल. अमोनियाचा आकडा पीएचशिवाय लिहायचा नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

दुसरा प्रयत्न: माशांशिवाय

उरलेले ३ मासे एका मित्राच्या जुन्या टँकमध्ये गेले. त्याच्याच फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा मी विरजण म्हणून आणला. माशांऐवजी अमोनियम क्लोराइड वापरलं. ४० लिटरमध्ये २ पीपीएम अमोनियासाठी साधारण पाव ग्रॅम लागतं (मोलर वस्तुमानावरून स्वतः काढून बघा). तापमान २७ अंश, एअर पंप २४ तास सुरू, कारण या जीवांना ऑक्सिजन लागतो. दर एक दिवसाआड चार मोजमापं: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच.

वहीतल्या नोंदी थोडक्यात:

- दिवस १: अमोनिया २, नायट्राइट ०
- दिवस ९: अमोनिया १, नायट्राइट २
- दिवस १५: अमोनिया ०, नायट्राइट ५. पुन्हा अमोनिया दिला.
- दिवस १८: काहीच हलेना. पीएच ६.२.
- दिवस ३१: २ पीपीएम अमोनिया देऊन २४ तासांनी अमोनिया ०, नायट्राइट ०

पंधराव्या दिवशी मी गोंधळलो. अमोनिया दिला २, मग नायट्राइट ५ कुठून आलं? किट खराब आहे असं ठरवून टाकणार होतो. मग लक्षात आलं की पीपीएम हे वजनाचं माप आहे. अमोनियाच्या रेणूचं वजन १७, नायट्राइटचं ४६. नायट्रोजन तितकाच, वर ऑक्सिजनचं वजन चढलं. २ ला ४६ ने गुणून १७ ने भागा, ५.४ येतं. किट बरोबर होतं. उपकरणावर शंका घेण्याआधी एकक तपासायचं, हे मी असं शिकलो.

अठराव्या दिवसाची अडचण माझीच करणी होती. ‘शुद्ध पाणी चांगलं’ म्हणून मी तीन भाग आरओचं आणि एक भाग नळाचं पाणी भरलं होतं. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं. साध्या पाण्यातले बायकार्बोनेट ते झेलतात, पण आरओच्या पाण्यात ते जवळपास नसतात. पीएच घसरला आणि सूक्ष्मजीव थंडावले. अर्धा चमचा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घातल्यावर दोन दिवसांत आकडे पुन्हा हलू लागले.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट. मित्राच्या स्पंजमुळे काम लवकर झालं का? मला सांगता येणार नाही. स्पंज नसलेला दुसरा टँक मी लावलाच नव्हता. एक टँक, तोही कंट्रोलशिवाय. जुन्या फिल्टरचा तुकडा उपयोगी पडतो हे तर्काला धरून आहे, पण माझी वही तो पुरावा देत नाही.

पुस्तकातलं नाव

सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास नायट्रिफिकेशन करणारे जीवाणू वेगळे केले. तेव्हापासून आपण पाठ करतो: पहिली पायरी नायट्रोसोमोनास, दुसरी नायट्रोबॅक्टर. पण १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमधला डीएनए तपासला, तेव्हा नायट्राइट संपवणारे नायट्रोस्पायरासारखे जीव निघाले. २०११ मध्ये अनेक टँकच्या फिल्टरमध्ये अमोनिया संपवण्याच्या कामात आर्कियाच संख्येने जास्त आढळले. आणि २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की काही नायट्रोस्पायरा दोन्ही पायऱ्या एकटेच पार करतात.

विनोग्राडस्की चुकले होते असं नाही. फ्लास्कमध्ये जे सहज वाढतं ते आधी सापडतं, आणि जे आधी सापडतं त्याचं नाव पुस्तकात जातं. तुमच्या विषयातही अशी नावं असतील.

पहिले मासे

२४ तासांत दोन्ही शून्य आल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच आल्यावर, मी ७० टक्के पाणी बदलून साचलेलं नायट्रेट उतरवलं. मग फक्त ६ झेब्राफिश आणले. ते थव्याने राहणारे आणि काटक आहेत. पिशवी २० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, मग दर काही मिनिटांनी टँकचं थोडं थोडं पाणी पिशवीत घातलं, आणि जाळीने मासे सोडले. दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतलं नाही.

पहिला आठवडा रोज मोजमाप, खाणं चिमूटभर. पुढचे मासे आणायचे तर तीन-चार आठवड्यांनी, कारण सूक्ष्मजीवांची संख्या मिळणाऱ्या अमोनियाइतकीच राहते. भार वाढला की त्यांना वाढायला वेळ लागतो. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, बादलीत काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळायचा. नाहीतर क्लोरीनने महिन्याची मेहनत जाईल. वीज बराच वेळ गेली तर आल्यावर अमोनिया मोजायचा.

सहाही मासे आहेत. त्या ३१ दिवसांत येणारा-जाणारा विचारायचा, ‘अरे, मासे कुठे आहेत?’ रिकामा टँक दाखवताना ओशाळल्यासारखं व्हायचं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी, प्रोटोकॉल बसवताना, तुम्हालाही कुणीतरी ‘डेटा कुठे आहे?’ असं विचारेल. तेव्हा रोजच्या आकड्यांची वही दाखवा. माझ्याकडे पहिल्या वेळी ती असती, तर तिसऱ्याच दिवशी कळलं असतं की ते मासे बाहेर काढायला हवेत.