वसतिगृहाच्या टेबलावर मावणारा कीबोर्ड: तीन हजार रुपयांत नेमके काय पाहावे?

अभियांत्रिकीसाठी गोव्याबाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना हुबळी-धारवाड फारसे परके वाटत नाही. वास्कोहून निघालेली गाडी घाट चढून कॅसलरॉक, लोंढा, अळणावर करीत धारवाड गाठते आणि पुढे वीसेक किलोमीटरवर हुबळी येते. विद्यानगरातील केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे पूर्वीचे भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि गोव्याच्या आयआयटीसोबतच २०१६ मध्ये सुरू झालेली धारवाडची आयआयटी ही त्यामागची ठळक कारणे. घरून निघालेल्या मुलाच्या सामानात लॅपटॉप असतोच, कधी जुळवून घेतलेला संगणकही असतो. दिवसा त्यावर प्रोग्रॅमिंग चालते आणि रात्री व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक. महिन्या-दोन महिन्यांत ‘मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा आहे, तीन हजार पाठवा’ असा निरोप घरी येतो.

तीन हजार ही महिन्याच्या खर्चातून सहज निघणारी रक्कम नाही. ऑनलाइन दुकानांत दीड हजारापासून पंधरा हजारांपर्यंत शेकडो नमुने मांडलेले दिसतात. सगळ्यांना इंद्रधनुषी दिवे आहेत आणि सगळ्यांच्या नावापुढे ‘गेमिंग’ हा शब्द आहे. निवड चुकली तर वस्तू परत करण्याची मुदत संपते आणि पुढची तीन वर्षे त्याच कीबोर्डवर काढावी लागतात. हा कीबोर्ड खेळापुरता नसतो. प्रकल्प अहवालही त्यावरच टंकित होतो, हे लक्षात ठेवले तर अर्धी निवड सोपी होते.

साध्या, चारपाचशे रुपयांच्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली एकच लवचीक पटल असते आणि प्रत्येक कळीखाली रबराची घुमटी. घुमटी पूर्ण दबेपर्यंत अक्षर उमटत नाही. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीला स्वतःची स्प्रिंग आणि धातूच्या पट्ट्यांचा स्वतंत्र स्विच असतो. कळ सुमारे चार मिलिमीटर खाली जाते, पण संकेत दोन मिलिमीटरच्या आसपासच पोहोचतो. त्यामुळे बोट तळाला न टेकवता आणि पूर्ण वर न आणता कळ पुन्हा दाबता येते. स्वस्त पटलाच्या कीबोर्डाची दुसरी अडचण खेळातच कळते. कळांची जोडणी आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीवर असते. काही विशिष्ट तीन-चार कळा एकदम दाबल्या की कोणती कळ खरी दाबली गेली याचा उलगडा होत नाही आणि एखादी कळ सरळ गाळली जाते. पळता पळता उडी मारायची वेळ आली आणि उडी लागलीच नाही, यामागे कित्येकदा हेच कारण असते. चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीला डायोड असतो. त्यामुळे कितीही कळा एकत्र दाबल्या तरी सगळ्या नोंदल्या जातात. वर्णनात याला ‘एन-की रोलओव्हर’ म्हणतात. हा शब्द नसेल तर पुढे जावे.

‘मेकॅनिकल फील’ किंवा ‘मेका-मेम्ब्रेन’ असे लिहिलेला माल मात्र मेकॅनिकल नसतो. आत तेच रबर असते, वरच्या कळा तेवढ्या उंच केलेल्या असतात.

मेकॅनिकल कीबोर्ड विद्यार्थ्याच्या आवाक्यात येण्याचे श्रेय मुख्यतः एका मुदत संपलेल्या पेटंटला आहे. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८३ मध्ये आणलेला ‘एमएक्स’ स्विच दीर्घकाळ जवळपास एकटाच होता. पेटंटचे संरक्षण संपल्यावर कैल, गेटेरॉन, आउटेमू या चिनी उत्पादकांनी त्याच घडणीचे स्विच बनवले आणि किमती घसरल्या. आज दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात रेडड्रॅगन, रॉयल क्लज यांसारख्या चिनी आणि कॉस्मिक बाइट, क्रियो, इव्होफॉक्स यांसारख्या भारतीय नाममुद्रांचे कीबोर्ड मिळतात. त्यांतील बहुतेकांच्या पोटात याच चिनी उत्पादकांचे स्विच असतात. म्हणून नावापेक्षा आतल्या गोष्टींकडे पाहणे शहाणपणाचे.

आता आकाराविषयी, कारण खरा घोळ इथेच होतो. पूर्ण कीबोर्डात १०४ कळा आणि रुंदी सुमारे ४४ सेंटिमीटर. वसतिगृहातील टेबल अडीच फुटांचे असेल, म्हणजे ७५ सेंटिमीटर, तर माऊससाठी उरतात जेमतेम ३०. त्यातच पाण्याची बाटली आणि वह्या. नेमबाजीच्या खेळांत अचूकतेसाठी माऊसची संवेदनशीलता कमी ठेवून हात लांब फिरवावा लागतो. त्यामुळे कीबोर्ड लहान करण्यामागे निव्वळ हौस नसते. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन काढला की ८७ कळांचा ‘टीकेएल’ उरतो, रुंदी सुमारे ३६ सेंटिमीटर. रेडड्रॅगनचा के५५२ हा त्यातला जुना आणि परिचित नमुना. सर्वांत लहान लोकप्रिय आकार म्हणजे ‘साठ टक्के’, ६१ कळा आणि ३० सेंटिमीटरच्या आत. रेडड्रॅगन के६१७ आणि रॉयल क्लज आरके६१ हे या गटातले. माऊसला थेट १५ सेंटिमीटर जास्त जागा मिळते, आणि दिवाळीला घरी येताना तो पाठपिशवीत वहीसारखा सरकवता येतो.

ही जागा मिळते ती काही कळांच्या बदल्यात. साठ टक्क्यांत बाणांच्या कळा नसतात, एफ१ ते एफ१२ ची ओळ नसते, डिलीट, होम, एंड नसतात. हे सारे ‘एफएन’ कळ दाबून दुसऱ्या कळांवरून मिळवावे लागते. व्हॅलोरंट खेळणाऱ्याचे यात काही अडत नाही. पण माइनक्राफ्टमध्ये एफ३ आणि एफ५ सतत लागतात, डोटामध्ये आपला योद्धा निवडायला एफ१ लागते, आणि काउंटर-स्ट्राइकमधील आज्ञांची खिडकी ज्या कळीने उघडते ती ‘टिल्डा’ साठ टक्क्यांत एस्केपखाली दडलेली असते. प्रोग्रॅमिंगमध्ये चूक शोधताना एकेक ओळ पुढे सरकायला एफ१० लागते आणि संपादन करताना बाण क्षणोक्षणी लागतात. रात्री दोन तास खेळण्यासाठी घेतलेला कीबोर्ड दिवसाचे सहा तास असा बोटांना अडखळवत असेल, तर तो सौदा फायद्याचा म्हणवत नाही.

विद्यार्थ्यासाठी मधला मार्ग बरा. ‘पासष्ट टक्के’ म्हणजे सुमारे ६८ कळा, यात बाण परत येतात आणि रुंदी दोन-तीन सेंटिमीटरनेच वाढते. ‘पंचाहत्तर टक्के’ म्हणजे ८०च्या पुढे कळा, यात एफची ओळही परत येते. अभ्यास आणि खेळ दोन्ही करणाऱ्याने आधी पंचाहत्तर टक्के पाहावा आणि टेबल फारच अरुंद असेल तर पासष्ट. साठ टक्क्यांचा मोह फक्त नेमबाजीचेच खेळ खेळणाऱ्याने करावा.

मराठी टंकलेखनाचे काय, हा प्रश्न गोव्यातून जाणाऱ्यांनी विचारायलाच हवा. इन्स्क्रिप्ट मांडणीत मराठीची सगळी अक्षरे मुख्य कळांवर आणि आकड्यांच्या ओळीवर बसतात. ‘ळ’ शिफ्टसह ‘एन’वर आहे, क्ष, त्र, ज्ञ, श्र शिफ्टसह आकड्यांवर. म्हणजे ६१ कळांतही मराठी अडत नाही. गंमत अशी की त्याच आकारात कन्नड थोडे अडते. कन्नडला पावलोपावली लागणारा ऱ्हस्व ओकार इन्स्क्रिप्टमध्ये नेमका त्या दडलेल्या टिल्डाच्या कळीवर आहे. धारवाडच्या खोलीतील कन्नडभाषक सोबत्याला हाच कीबोर्ड अधूनमधून वापरायला द्यायचा असेल तर एवढे सांगून ठेवलेले बरे.

सोबत्याचा विषय निघालाच आहे, तर स्विचच्या रंगाकडे वळता येईल. निळा स्विच प्रत्येक दाबाला ‘टिक’ असा स्पष्ट आवाज करतो. दुकानात तो फार मोहक वाटतो. तीन जणांच्या खोलीत रात्री एक वाजता तो मोहक राहत नाही, आणि सोबत्याची दुसऱ्या दिवशी अंतर्गत परीक्षा असेल तर भांडणाला निमित्त पुरते. खेळासाठीही तो पहिली पसंती नव्हे. त्याची ‘टिक’ घडवणाऱ्या रचनेमुळे कळ बरीच वर आल्याशिवाय पुन्हा नोंदली जात नाही. लाल स्विच सरळ, अडथळ्याविना खाली जातो. चेरीच्या मूळ लाल स्विचला सुमारे ४५ ग्रॅमचा दाब पुरतो, निळ्याला ६० लागतो. तपकिरी स्विच मधला, बोटाला हलकासा उंचवटा जाणवतो, पण टिकटिक नाही. वसतिगृहासाठी लाल किंवा तपकिरी, एवढाच पर्याय ठेवावा. कळ तळाला आपटल्याचा आवाज लाल स्विचलाही होतो, तो आत फोमचा थर असलेल्या कीबोर्डात बराच कमी होतो.

टिकाऊपणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय म्हणजे ‘हॉट-स्वॅप’. एखादा स्विच बिघडून एकाच दाबात अक्षर दोनदा उमटू लागले, तर डाग न देता तो उपटून नवा बसवता येतो. धारवाडची धूळ आणि सुटीत गोव्याच्या किनाऱ्यावरची खारी, दमट हवा, दोन्ही धातूच्या स्पर्शबिंदूंना मानवत नाहीत. त्यामुळे ही वेळ कधी ना कधी येतेच. इथे एक बारकावा आहे. काही स्वस्त कीबोर्डांचे सॉकेट फक्त आउटेमूच्या बारीक पायांचे स्विच घेतात आणि काही तीन पायांचेच घेतात, पाच पायांचे नाही. विकत घेतानाच हे विचारावे. यूएसबी-सीची सुटी वायर असावी, कारण सर्वांत आधी बिघडते ती वायरच. कळांच्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या असल्या तर वर्षभराने तेलकट चकाकत नाहीत, एबीएसच्या चकाकतात.

बिनतारी कीबोर्ड घ्यायचा असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा छोटा डोंगल मिळतो का ते पाहावे, निव्वळ ब्लूटूथ खेळाला संथ पडते. ‘८००० हर्ट्झ’सारख्या आकड्यांसाठी मात्र पैसे मोजू नयेत. १००० हर्ट्झचा कीबोर्ड दर मिलिसेकंदाला खबर देतो. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र बदलायलाच सोळाहून अधिक मिलिसेकंद लागतात, आणि खोलीतल्या वायफायचा विलंब वेगळाच.

सध्या चुंबकीय, म्हणजे ‘हॉल इफेक्ट’ स्विचचा बोलबाला आहे. यात धातूचा स्पर्श नसतो. चुंबक किती जवळ आला यावरून संकेत जातो, म्हणून कळ किती दबल्यावर नोंदावी हे आपण ठरवू शकतो. नेदरलँड्सच्या वूटिंगने रूढ केलेल्या ‘रॅपिड ट्रिगर’मुळे कळ किंचित वर येताच सुटली असे धरले जाते. नेमबाजीत याचा खरा लाभ होतो आणि किमतीही उतरू लागल्या आहेत. पण याच कीबोर्डांत ‘स्नॅप टॅप’ नावाची सोय येते, जी दोन विरुद्ध दिशांच्या कळा दाबल्यास शेवटची तेवढी धरते. रेझरने ती जुलै २०२४ मध्ये आणली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वाल्वने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलनाला मनाई केली. ती सुरू असल्याचे आढळल्यास खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाते. सोय बंद ठेवता येते, पण कारखान्यातून ती कोणत्या स्थितीत आली आहे हे पहिल्याच दिवशी तपासावे.

राहिली खरेदी. ऑनलाइन किंमत बहुधा कमी असते, पण कळ दाबून पाहता येत नाही. हुबळीत संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात आधी जाऊन लाल आणि तपकिरी दोन्ही स्विचवर एक परिच्छेद टंकून पाहावा. भावात दोन-तीनशे रुपयांचा फरक असेल तर दुकानातूनच घ्यावा, बिघाड झाल्यास दाद मागायला माणूस समोर असतो. जीएसटी क्रमांकाचे बिल आणि खोके वॉरंटीच्या मुदतीपर्यंत जपावे. वॉरंटी दुकान सांभाळणार की कीबोर्ड कुरिअरने कंपनीकडे पाठवावा लागणार, आणि त्याचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. खोलीवर आल्यावर कीबोर्ड तपासणारे एखादे संकेतस्थळ उघडून प्रत्येक कळ एकदा, आणि डब्ल्यू, डी, शिफ्ट, स्पेस एकत्र दाबून पाहाव्यात. दोष असेल तर तो परतीची मुदत असतानाच हाती लागतो.