ध्वनिमुद्रिका-संग्रह व सूचीकरण

ग्रामोफोनवर वाजविल्या जाणाऱ्या जुन्या तबकड्या मिळविणे, त्यांची निगा राखणे, ठरावीक क्रमाने त्यांची मांडणी करणे व प्रत्येक तबकडीची माहिती नोंदवून ती हवी तेव्हा सापडेल अशी व्यवस्था करणे, या कार्यास ध्वनिमुद्रिका-संग्रह व सूचीकरण असे म्हणतात. ग्रंथालयशास्त्रातील तालिकीकरणाशी त्याचे निकटचे नाते आहे. तथापि दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखक, प्रकाशक व प्रकाशनवर्ष बहुधा छापलेले असते. जुन्या तबकडीवर मात्र वर्ष जवळजवळ कधीच नसते. कवी, संगीतकार व साथीदार यांची नावे बहुधा गाळलेली असतात आणि गायकाचे नावही कधी एका, तर कधी दुसऱ्या रूपात आढळते. त्यामुळे ध्वनिमुद्रिकांची सूची करणे हे केवळ नोंदी उतरविण्याचे काम नसून ते संशोधनाचे काम ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे एकस्व घेतले [⟶ ग्रामोफोन]. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक एफ. डब्ल्यू. गेझबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास कंपनीचे भारतातील पहिले ध्वनिमुद्रण केले. त्यात गौहरजान यांच्या गायनाचा समावेश होता. या ध्वनिमुद्रणांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन भारतात विक्रीस येत. परक्या देशातील कारागिरांना गायक ओळखता यावा, म्हणून अनेक गायक-गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. ही घोषणा आज सूचीकाराला मोलाचा पुरावा वाटते. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदा येथे कारखाना निघाल्यावर तबकड्या भारतातच होऊ लागल्या. निकोल, बेका, ओडियन, पाते, मुंबईची रामाग्राफ इ. कंपन्यांनीही या व्यवसायात भाग घेतला. मुंबईत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ या मुद्रेखाली अनेक मराठी तबकड्या काढल्या. भारतात लाखेच्या तबकड्यांचे उत्पादन सुमारे १९७० पर्यंत, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील उत्पादन थांबल्यानंतरही काही वर्षे चालू राहिले.

संग्रहाचे महत्त्व : मराठी रंगभूमीवरील संगीत, ख्यालगायन, लावणी, कीर्तन, पोवाडा, भावगीत व विनोदी संवाद यांचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रत्यक्ष पुरावा मुख्यतः या तबकड्यांतच उरला आहे. भाऊराव कोल्हटकर यांचे १९०१ मध्ये निधन झाले. त्यांचे गाणे केवळ वर्णनांवरून कल्पावे लागते. उलट बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीमखाँ, हिराबाई बडोदेकर व पुण्याच्या सुंदराबाई यांचे गायन आजही ऐकता येते. असे असूनही या सामग्रीला कायद्याचे संरक्षण लाभले नाही. भारतात १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक झाले. ध्वनिमुद्रिका मात्र त्यात आल्या नाहीत. परिणामी सर्व तबकड्यांचा एकत्रित असा सरकारी संग्रह निर्माण झाला नाही. जे काही टिकले, त्याचा मोठा भाग खाजगी संग्राहकांनी मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, रद्दीची दुकाने व जुनी घरे यांतून उचललेला आहे. संग्राहकाच्या पश्चात सूचीविना राहिलेला संग्रह वारसांना निरुपयोगी ओझे वाटतो व पुन्हा भंगारात जातो. या दृष्टीने सूची ही संग्रहाची केवळ यादी नसून त्याच्या अस्तित्वाची हमी असते.

तबकड्यांचे प्रकार : मांडणीचा पहिला निकष तबकडीचे द्रव्य व आकार हा असतो. दर मिनिटास ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाख, खनिज भुकटी व काजळी यांच्या मिश्रणाच्या असून त्या ठिसूळ असतात. त्यांतील २५ सेंमी. (१० इंच) व्यासाच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे, तर ३० सेंमी. (१२ इंच) व्यासाच्या तबकडीवर सव्वाचार मिनिटांच्या आसपासचे ध्वनिमुद्रण मावते. आरंभीच्या तबकड्या एकाच बाजूस मुद्रित असत. १९४८ मध्ये अमेरिकेत ३३ १/३ फेऱ्यांची व १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची, व्हिनिल या प्लॅस्टिकची तबकडी आली. पाते कंपनीच्या जुन्या तबकड्यांत खाचेचे कंप उभे असून त्या आतून बाहेर वाजतात. साध्या यंत्रावर त्या लावल्यास त्यांची हानी होते. म्हणून त्यांची नोंद व ठेवण वेगळी करतात.

मांडणी : नवशिका संग्राहक साहजिकपणे गायकवार किंवा विषयवार मांडणी करतो. तबकडीच्या दोन बाजूंस दोन भिन्न गायक असल्यास ही पद्धत लगेच कोलमडते. शिवाय प्रत्येक नव्या भरीबरोबर सर्व तबकड्या पुढे सरकवाव्या लागतात व हाताळणी वाढून फुटतूट होते. म्हणून आकारमानानुसार गट पाडून, प्रत्येक गटात आगमनाच्या क्रमाने संग्रहक्रमांक देणे हितावह ठरते. तबकडी कायम एकाच जागी राहते. गायक, नाटक, राग वा विषय यांनुसार शोधण्याचे काम सूचीने करावयाचे असते. मोठ्या संग्रहांत कंपनी व तिचा विक्रीक्रमांक यांनुसार मांडणी करतात. तीत कोणते क्रमांक मिळावयाचे राहिले, हे तत्काळ कळते. संग्रहक्रमांक तबकडीवर किंवा तिच्या लेबलावर कधीही लिहू नये. तो पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहावा.

नोंदीचे घटक : सूचीचे एकक तबकडी नसून तिची एक बाजू हे असते. प्रत्येक बाजूसाठी स्वतंत्र नोंद करून त्यांना एकच संग्रहक्रमांक व ‘अ’ आणि ‘आ’ अशी उपचिन्हे देतात. नोंदीत पुढील बाबी येतात : कंपनीची मुद्रा, विक्रीक्रमांक, साचाक्रमांक, गीताचे आद्यशब्द, गायक व वादक, राग, ताल वा गीतप्रकार, नाटक अथवा चित्रपट, कवी व संगीतकार, भाषा, व्यास व गती, ध्वनिमुद्रणाचे स्थळ व काळ, तबकडीची स्थिती. यांपैकी विक्रीक्रमांक व साचाक्रमांक यांतील फरक ध्यानी घेणे आवश्यक आहे. विक्रीक्रमांक व्यापाराच्या सोयीसाठी असून पुनर्निर्मितीत तो बदलतो. साचाक्रमांक लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेला असून तो मूळ ध्वनिमुद्रणाची ओळख असतो. अब्दुल करीमखाँ यांची १९३० नंतरच्या दशकातील ध्वनिमुद्रणे प्रथम ओडियन व नंतर कोलंबिया या मुद्रांखाली निघाली. अशा वेळी केवळ लेबलावर विसंबल्यास एकाच गायनाच्या दोन नोंदी होतात. उलटपक्षी, तेच पद त्याच गायकाने पुन्हा गायिले असल्यास दोन भिन्न ध्वनिमुद्रणे एकच समजली जाण्याचा संभव असतो.

लेबलावरील मजकूर जसाच्या तसा, त्यातील चुकांसह उतरवून घ्यावा व शुद्ध रूप स्वतंत्र रकान्यात द्यावे. मराठी नावे रोमन लिपीत निरनिराळ्या वर्णांनी छापलेली असतात. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, मास्टर कृष्णराव म्हणजे कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर व ज्योत्स्ना भोळे म्हणजे पूर्वाश्रमीच्या दुर्गा केळेकर. यांसाठी एक प्रमाण नाव ठरवून इतर नावांकडून त्याकडे निर्देश देणारी नामसूची ठेवावी लागते. लेबलावर नसलेली माहिती अन्य साधनांवरून घेतली असल्यास ती चौकटी कंसात देण्याचा संकेत आहे. उदा., लेबलावर केवळ ‘मानापमान’ एवढेच असल्यास कृ. प्र. खाडिलकर व गोविंदराव टेंबे ही कवी व संगीतकार यांची नावे कंसात येतील. ‘स्वयंवर’च्या बाबतीत संगीतकार म्हणून भास्करबुवा बखले यांचे नाव येईल.

कालनिश्चिती : तबकडीचा काळ ठरविण्यासाठी अनेक खुणांचा मेळ घालावा लागतो. लेबलावर हॅनोव्हरचा उल्लेख असल्यास ती सामान्यतः भारतातील उत्पादन स्थिरावण्यापूर्वीची मानता येते. ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या पद्धतीत पुरुषांच्या गायनास १२००० व स्त्रियांच्या गायनास १३००० यांपासूनचे क्रमांक असत. १९२५ पासून विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांवर साचाक्रमांकानंतर आढळणारा लहान त्रिकोण हे त्याचे चिन्ह होय. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचे वर्ष ही पदाच्या ध्वनिमुद्रणाची अलीकडची नव्हे, तर पलीकडची मर्यादा असते : ‘मानापमान’ १९११ चे असल्यास त्यातील पदाची तबकडी बहुधा त्यानंतरची, परंतु ती वीस वर्षांनंतरचीही असू शकते. कंपन्यांची मासिक सूचिपत्रे, वृत्तपत्रांतील जाहिराती व ग. ना. जोशी यांच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’सारखी आत्मकथने यांचा येथे उपयोग होतो. खात्री नसल्यास एकच वर्ष न देता कालखंड द्यावा. चुकीचे निश्चित वर्ष एका सूचीतून दुसरीत उतरत जाते व पुढे ते पुसणे कठीण होते.

निगा : लाखेच्या तबकड्या उभ्या, न कलता, जवळजवळ फळ्या बसविलेल्या भक्कम मांडणीत ठेवाव्यात; २५ सेंमी. व्यासाच्या शंभर तबकड्यांचे वजन सुमारे वीस किग्रॅ. भरते. पाकिटे आम्लविरहित कागदाची असावीत. कोकणपट्टीतील व विशेषतः खाडीकाठच्या ठाणे, कोपर, डोंबिवली या भागांतील दमट हवेत पावसाळ्यात लेबलांवर बुरशी येते व कागदी पाकिटे तबकडीला चिकटतात. अशा ठिकाणी मांडणी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये व पावसाळ्यानंतर प्रत्येक तबकडी तपासावी. तबकडी सौम्य साबणाच्या अत्यल्प मिश्रणाच्या ऊर्ध्वपातित पाण्याने, लेबल कोरडे राखून, खाचेच्या दिशेने पुसावी. लाख मद्यार्कात विरघळत असल्याने स्पिरिटचा वापर कटाक्षाने टाळावा. जुन्या यंत्राची पोलादी सुई खाच झिजविते. म्हणून दुर्मिळ तबकडी त्यावर वाजवू नये. लाखेच्या तबकडीसाठी सुमारे ७५ मायक्रॉन व व्हिनिलसाठी २५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी त्रिज्येच्या टोकाची सुई वापरतात.

ध्वनीचे अंकीय रूपांतर करताना गतीचा प्रश्न उद्भवतो. विद्युत्‌पूर्व काळात गती नेहमी ७८ नसे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजविल्यास आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो व गायकाची आवाजजात चुकीची भासते. साथीच्या हार्मोनियमचा सूर व गायकाची ज्ञात पट्टी यांवरून गती ठरवून ती नोंदीत द्यावी. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेने (आयएएसए) निदान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या प्रमाणाची शिफारस केली असून ९६ किलोहर्ट्‌झ अधिक श्रेयस्कर मानले जाते. खरखर काढलेली प्रत ऐकण्यासाठी उपयुक्त असली, तरी मूळ ध्वनी जसाच्या तसा असलेली प्रत वेगळी जतन करणे आवश्यक असते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे राहतो. कालनिश्चितीला यामुळे व्यावहारिक महत्त्वही प्राप्त होते.

संस्था व सूचिग्रंथ : मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९–१९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली; ती या क्षेत्रातील पायाभूत साधन मानली जाते. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांचा तिच्या कार्यात प्रमुख वाटा असून ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून अनेक गायकांच्या मुद्रिकासूची प्रसिद्ध झाल्या. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी १९८० पासून हिंदी चित्रपटगीतांचे कोश प्रकाशित केले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीतविषयक अभिलेखागार १९८२ मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे दिल्ली परिसरात हलविण्यात आले. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातही ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे. पूर्वी पत्रकांवर केल्या जाणाऱ्या नोंदी आता संगणकावर होत असल्या, तरी कामाचे मूलतत्त्व बदललेले नाही : तबकडी हातात घेऊन, तिच्यावर प्रत्यक्ष काय आहे ते वाचून व ऐकून केलेली नोंदच विश्वसनीय ठरते. एखादी तबकडी फुटली, तरी अशी नोंद मागे राहते आणि तिची दुसरी प्रत शोधणाऱ्यास नेमके काय शोधावयाचे, हे तीच सांगते.