ग्लायडिंग आणि इंजिनवाल्या वैमानिकाचे गैरसमज

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले, पण बाकी सगळे असलेले विमान. ताठ पंख, शेपूट, एलेरॉन, रडर, बंदिस्त कॉकपिट, चाक, सारे जागच्या जागी. हे सांगावे लागते, कारण गोव्यातल्या चोपडे, मोरजी, हरमल या पट्ट्यात ग्लायडिंग म्हटले की केरी-हरमलच्या सड्यावरून तरंगणारे पॅराग्लायडर डोळ्यांपुढे येतात, नाहीतर किनाऱ्यावर बोटीमागे ओढले जाणारे पॅरासेल. पॅराग्लायडरच्या पंखाला सांगाडाच नसतो. समोरून शिरणाऱ्या हवेने फुगलेले ते कापड असते. पॅरासेल तर दोराने बांधलेली छत्री. ताठ पंखांच्या ग्लायडरसाठी पेडण्याच्या माणसाला घाट चढून पुण्यात हडपसरला जावे लागते. तिथले ग्लायडिंग सेंटर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आहे.

विमानाचा परवाना असलेला माणूस पहिल्यांदा ग्लायडरमध्ये बसतो तेव्हा त्याचे अर्धे शिक्षण आधीच झालेले असते, ही समजूत पूर्ण खोटी नाही. हवामान, हवाई नियम, उपकरणे, उतरताना जमिनीशी समांतर होण्याची क्रिया हे त्याला येते. अडचण उरलेल्या अर्ध्याची असते, कारण तिथे शिकायचे थोडे आणि विसरायचे बरेच असते.

पहिला गैरसमज इंजिनाबद्दलचाच. इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येत नाही, हे वैमानिकाला ठाऊक असते. तरीही इंजिनाविना उडणे ही त्याच्या लेखी आणीबाणीच असते. आकडे वेगळे सांगतात. सेस्ना 172 हे प्रशिक्षणाचे नेहमीचे विमान इंजिन बंद असताना एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर पुढे जाते. एएसके 21 हे जर्मन बनावटीचे दोन आसनी शिकाऊ ग्लायडर त्याच उंचीवरून सुमारे 34 किलोमीटर जाते. चोपड्यावर एक किलोमीटर उंचीवर ही दोन्ही सोडली आणि हवा स्थिर धरली, तर सेस्ना म्हापशाच्या थोडे पलीकडे जाईल आणि ग्लायडर सरळ रेषेत सावंतवाडीच्या आसपास पोहोचेल. हा हिशेब कागदावरचा आहे. उतरण्यासाठी राखून ठेवायची उंची त्यात धरलेली नाही. पण प्रमाण कळायला तो पुरेसा आहे.

ग्लायडर सतत खालीच येत असते, हे मात्र खरे. आजूबाजूच्या हवेच्या मानाने खाली. हवाच त्याहून जास्त वेगाने वर जात असेल तर ग्लायडर वर चढते. एएसके 21 सावकाश उडवले तर सेकंदाला जेमतेम 65 ते 70 सेंटिमीटर उतरते. सेकंदाला दोन मीटर वर जाणाऱ्या हवेत तेच मिनिटाला 75 मीटरहून जास्त चढेल. त्यासाठी वारा हवाच असे नाही. तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा, म्हणजे थर्मल, शांत दिवशीही मिळते. शापोरा नदीवर पंख न हलवता घिरट्या घालणाऱ्या घारी तिच्याच आधाराने वर जातात. हरमलच्या सड्यावरचा प्रकार निराळा. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे जांभ्याच्या कड्याला आपटून वर वळतात आणि पॅराग्लायडर त्या पट्ट्यात कड्याला धरून पुढेमागे करत राहतात. किनाऱ्यालगत थर्मल बेताचे, कारण तेच खारे वारे गार हवा आत आणतात. घाटमाथ्यापलीकडची कोरडी जमीन उन्हाळ्यात चांगली तापते. हडपसरला ती सोय आहे, किनाऱ्याला नाही.

वर चढणाऱ्या हवेचा नेमका वापर करणारे किती लांब जातात, याचा अंदाज नवख्याला नसतो. 2003 मध्ये क्लाउस ओलमान यांनी अँडीज पर्वतापाशी उठणाऱ्या हवेच्या लाटांवर ग्लायडरने 3,009 किलोमीटरचे उड्डाण केले. 2 सप्टेंबर 2018 रोजी त्याच पर्वतरांगेजवळ पर्लन 2 हे ग्लायडर 76,000 फुटांच्या वर गेले. प्रवासी विमाने त्याच्या निम्म्या उंचीवर उडतात.

आता पायांकडे, म्हणजे रडरकडे वळू, कारण इंजिनवाला वैमानिक ओळखू येतो तो पायांवरून. लहान विमानात डावीकडे वळताना फक्त हाताने दांडा कलवला तरी चालून जाते. नाक थोडे भरकटते, कोणी बोलत नाही. सेस्नाच्या पंखांचा विस्तार 11 मीटर, एएसके 21 चा 17. डावीकडे कलताना उजव्या पंखावरचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जातो, त्या पंखाला हवेचा रोध वाढतो आणि नाक आधी उजवीकडे, म्हणजे उलट्याच बाजूला जाते. लांब पंखावर हा परिणाम डोळ्यांत भरतो. उपाय एकच: हात आणि त्याच बाजूचा पाय एकदम. ग्लायडर तिरके घसरते आहे का, हे पाहायला कॅनॉपीवर समोर लोकरीचा चारपाच इंचांचा दोरा चिकटवलेला असतो. दोऱ्याचे टोक डावीकडे उडाले तर उजवा पाय दाबायचा, उजवीकडे उडाले तर डावा. महागड्या उपकरणांनी भरलेल्या कॉकपिटमध्येही हा दोरा काढत नाहीत, कारण त्याच्याइतके चटकन उत्तर कोणतेच उपकरण देत नाही. तासन् तास उडून आलेल्याचा दोरा पहिल्या वळणाला आडवा पडतो, हे प्रशिक्षकांना नवे नसते.

डावा हात थ्रॉटल शोधतो. तिथे असते एअरब्रेकची निळी मूठ. ती मागे ओढली की पंखांतून पट्ट्या वर येतात, रोध वाढतो आणि ग्लायडर लवकर खाली येते. पुढे ढकलली की पट्ट्या बंद होतात आणि ते लांब जाते. म्हणजे थ्रॉटलची सवय दिशेच्या बाबतीत उपयोगीच पडते. फसगत होते ती पुढे: ही मूठ पुढे ढकलून नवी ताकद मिळत नाही, फक्त उंची वाया घालवणे थांबते. म्हणूनच सपाट, खालून रेंगाळत येणारी धावपट्टीची वाट ग्लायडरमध्ये धोक्याची. शिकवतात ती उंचावरून, एअरब्रेक अर्धे उघडे ठेवून येण्याची. मग जास्त उघडायलाही वाव राहतो आणि बंद करायलाही. पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी मारता येत नाही, यात बाहेरच्यांना वाटते तेवढे भय नाही, कारण उतरण्याचा सगळा बेत त्याच हिशेबाने खूप आधी केलेला असतो.

विंचने होणारे उड्डाण मात्र अनुभवी माणसालाही हबकवते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र तार वेगाने गुंडाळते आणि पोराने धावत पतंग चढवावा तसे ग्लायडर सुमारे 45 अंशांत नाक वर करून चढते. मिनिटभराच्या आत तार सुटते. इंजिनाच्या विमानात असे नाक वर दिसले तर ती चूक असते. इथे ती नेहमीची स्थिती. तार मध्येच तुटली तर पहिले काम नाक ताबडतोब खाली घेणे, दुसरे वेग परत येईपर्यंत थांबणे, आणि मगच सरळ उतरायचे की वळायचे ते ठरवणे. क्रम चुकला तर उंची कमी असल्याने सावरायला जागा उरत नाही. म्हणून हा सराव एकट्याने उडण्याआधी करून घेतात.

ग्लायडिंग ही प्रौढांची हौस, खऱ्या वैमानिकीशी तिचा संबंध बेताचा, असेही काही जण मानतात. इतिहास उलट आहे. राइट बंधूंनी विमान तिन्ही अक्षांवर ताब्यात ठेवणे साधले ते 1902 च्या ग्लायडरवर. मोटर बसली पुढच्या वर्षी. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाचे बोइंग 767 इंधन मोजताना पौंड आणि किलोची गफलत झाल्याने 41,000 फुटांवर कोरडे पडले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते. गिम्ली येथील जुन्या हवाईतळावर जास्तीची उंची त्यांनी ग्लायडरवाल्यांच्या रीतीने, विमान मुद्दाम तिरके घसरवून, कमी केली आणि सगळे 69 जण वाचले. एका प्रसंगावरून नियम होत नाही, पण ही युक्ती त्यांनी कुठे शिकली होती, याबद्दल वाद नाही.

राहिला कागदाचा प्रश्न. भारतात ग्लायडरचा परवाना वेगळा असतो. विमानाच्या परवान्यावर ग्लायडर एकट्याने उडवता येत नाही. नोंदवहीतले तास कामी येतात, पण एकट्याला कधी सोडायचे ते प्रशिक्षक ठरवतो. हडपसरला निघण्यापूर्वी त्या काळात उड्डाणे चालू आहेत का, याची चौकशी करावी आणि पावसाळा टाळावा.