पावसाचा हिशेब दगडात: गुहेतले लवणस्तंभ काय सांगतात?

बोअरचं खारं पाणी ज्यांच्या घरात येतं त्यांना हे ठाऊक असेल. गिझरच्या कॉइलवर, पातेल्याच्या तळाशी, मस्जिदीच्या वझूखान्यातल्या नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. आपण त्याला क्षार म्हणतो, लिंबू किंवा व्हिनेगर लावून घासून काढतो. हाच थर डोंगराच्या पोटात, कुणी न घासता, हजारो वर्षं जमत राहिला तर काय होईल? त्याचा दगडी खांब होतो. शाळेच्या भूगोलात आम्ही त्याला लवणस्तंभ शिकवतो. छतावरून खाली लोंबणारा तो अधोमुखी आणि जमिनीवरून वर वाढणारा तो ऊर्ध्वमुखी. परीक्षेत दोन मार्कांना येणारा हा दगड आज शास्त्रज्ञांना जुन्या पावसाचा हिशेब सांगतो आहे.

आधी तो बनतो कसा ते पाहू. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. खाली चुनखडीचा खडक असेल तर हे पाणी त्यातला चुना विरघळवत जातं. गुहेच्या छतातून थेंब बाहेर आला की त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना कॅल्साइटच्या रूपाने मागे राहतो. थेंबामागून थेंब, थरावर थर. वाढ इतकी सावकाश, की वर्षाला केसाच्या जाडीएवढी झाली तरी पुष्कळ म्हणायची.

आता कुणी विचारेल, मग अजिंठा-वेरूळच्या लेण्यांत असे स्तंभ का नाहीत? कारण ती लेणी माणसाने काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. लवणस्तंभांना चुनखडी लागते. म्हणून आपल्या भागाच्या पावसाचा इतिहास वाचायला शास्त्रज्ञांना शेजारच्या छत्तीसगडमध्ये जावं लागलं. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात दंडक आणि कोटमसर या चुनखडीच्या गुहा आहेत.

दगड वाचायचा म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची. पहिला प्रश्न, हा थर किती वर्षांपूर्वीचा? झिरपणाऱ्या पाण्यात युरेनियम अगदी अल्प प्रमाणात विरघळलेलं असतं, थोरियम मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे थर बनतो तेव्हा त्यात युरेनियम असतं आणि थोरियम नसल्यातच जमा. पुढे युरेनियमचं ठरलेल्या गतीने थोरियम होत जातं. दोन्ही मोजले की वय निघतं. या पद्धतीने काही लाख वर्षं मागे जाता येतं. थरात मातीची घाण मिसळली असेल तर तिच्यासोबत बाहेरचं थोरियमही येतं आणि वय चुकतं, म्हणून स्वच्छ दगड निवडावा लागतो.

दुसरा प्रश्न, त्या वर्षी पाऊस कसा होता? पाण्यात ऑक्सिजन असतो, आणि तो सगळा एका वजनाचा नसतो. बहुतेक ऑक्सिजन १६ वजनाचा, थोडासा १८ वजनाचा. ढगातून पाणी पडताना जड ऑक्सिजन आधी निघून जातो. पाऊस जोरदार आणि सततचा असला तर मागून पडणाऱ्या पाण्यात हलका ऑक्सिजनच जास्त उरतो. हेच पाणी गुहेत पोचतं आणि तीच खूण थरात राहते. ढोबळमानाने सांगायचं तर जड ऑक्सिजन कमी म्हणजे पावसाळा चांगला, जास्त म्हणजे पावसाळा कमजोर. बाष्प कुठल्या समुद्रावरून आलं याचाही त्यावर परिणाम होतो, म्हणून एका दगडावर विसंबत नाहीत. अनेक गुहांचे निकाल ताडून पाहतात.

आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दंडक गुहेतला इ.स. ६०० ते १५०० पर्यंतचा पावसाचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्याला मान्सून वर्षानुवर्षं कमजोर राहिला होता.

आता इतिहासाची पानं उघडा. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकच्या काळात दिल्लीकडे मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी तिथे असलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय, की सुलतानाने दिल्लीच्या लोकांना सहा महिन्यांचं धान्य देण्याचा हुकूम काढला. इकडे दख्खनमध्ये १३९६ पासून सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ सुमारे बारा वर्षं चालला असं सांगतात. बहमनी सुलतान दुसरा मुहम्मद शाह (१३७८ ते १३९७) याच्या कारकिर्दीतल्या दुष्काळाबद्दल इतिहासकार फरिश्ता लिहितो, की धान्य आणायला दहा हजार बैल माळवा आणि गुजरातकडे सतत ये-जा करत होते, आणि ते धान्य लोकांना स्वस्तात विकलं जाई. याच सुलतानाने अनाथ मुलांसाठी मदरसे काढले. त्या गावांच्या यादीत दौलताबाद, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, कंधार, चौल आणि दाभोळ ही आपली गावं आहेत. शाही इतिहासकाराच्या लिखाणात दरबाराची तारीफ असते, त्यामुळे शंका घ्यायला जागा राहते. पण गुहेतला दगड कुणाच्या दरबारात नव्हता. पाऊस खरोखरच कमी होता, याची साक्ष तो वेगळ्या वाटेने देतो.

याहून जुनी साक्ष मेघालयात आहे. चेरापुंजीजवळच्या मॉम्लूह गुहेतल्या लवणस्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून कमजोर झाल्याची खूण सापडली. तिच्या आधारे २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पृथ्वीच्या इतिहासातल्या आपल्या चालू कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिलं. सिंधू संस्कृतीची शहरं ओस पडण्यात या कोरड्या काळाचा हात किती, यावर विद्वानांत अजून वाद आहे.

या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५ मध्ये. म्हणजे मोजमापाचा आपला इतिहास साधारण दीडशे वर्षांचा. आपल्या घरातले बुजुर्ग १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगतात, आणि २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते तर मुलांनीही पाहिलंय. आपल्याला वाटतं, याहून वाईट काय होणार? दगड सांगतो, की होऊ शकतं. एक-दोन वर्षं नव्हे, दहा-दहा वर्षं पाऊस रुसलेला काळ याच भूमीने पाहिला आहे, आणि तोही कारखाने आणि मोटारी येण्याच्या कितीतरी आधी. आज त्यावर माणसाने वाढवलेल्या उष्णतेची भर पडते आहे. धरण, बोअर, ऊस यांचे बेत दीडशे वर्षांच्या आकड्यांवरच आखले तर ते अपुरे पडू शकतात.

म्हणून दोन गोष्टी आम्ही पालकांना आवर्जून सांगतो. सहलीला गुहेत गेलात तर लवणस्तंभाचा तुकडा आठवण म्हणून तोडू देऊ नका. बोटभर तुकडा म्हणजे कित्येक शतकांच्या पावसाची नोंद. आणि दहावी-बारावीनंतर मुला-मुलींपुढे डॉक्टर-इंजिनिअर एवढे दोनच रस्ते ठेवू नका. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत अशा दगडांवर काम होतं. भूशास्त्र घेतलेली आपलीही एखादी मुलगी उद्या तिथे बसून, मराठवाड्याच्या विहिरी किती खोल लागतील, ते सांगू शकते.