डोळ्यांवर डबा चढवण्याआधी

"मामा, आईला तू सांग ना. तुझं ऐकते ती."

फोनवर हे वाक्य आलं की ओळखावं, प्रकरण पैशांचं आहे! माझा भाचा दिवेआगरला राहतो, सहावीत शिकतो. त्याचा काका दुबईला नोकरी करतो आणि सुट्टीवर निघण्याआधी "काय आणू?" म्हणून विचारतो. गेल्या खेपेला फुटबॉलचे बूट आले. या वेळची मागणी एकदम वरच्या पट्टीतली आहे : व्ही. आर. हेडसेट!

घरात लगेच तट पडले. आजीचा एकच प्रश्न, "पोराचे डोळे जातील का रे?" बहिणीला अभ्यासाची काळजी. भावजी काही बोलले नाहीत. ते मनातल्या मनात हिशेब करत असणार. माझ्याकडे निवाड्याचं काम आलं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हाच वाद चालू असेल, म्हणून म्हटलं, दोस्तांनो, आपण तो सगळ्यांनी मिळूनच सोडवू. आई-बाबांनाही शेजारी बसवा.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. त्यासाठी एक छोटा प्रयोग करा. हात लांब करून अंगठा उभा धरा, समोर माडाचं खोड किंवा खिडकीचा गज असू द्या. आता एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा टुणकन इकडून तिकडे उडी मारतो की नाही? आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना थोडी वेगळी चित्रं दिसतात. मेंदू ती जुळवतो आणि त्यावरून काय जवळ, काय लांब ते ठरवतो. १८३८ मध्ये इंग्लंडमधल्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी ही गोष्ट उलटी वापरली. एका वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रं काढून त्यांनी ती आरशांच्या मदतीने एकेका डोळ्याला वेगवेगळी दाखवली. सपाट कागदावरची चित्रं एकदम उठावदार दिसू लागली! या यंत्राचं नाव स्टिरिओस्कोप.

त्याचंच धाकटं भावंड म्हणजे व्ह्यू-मास्टर. १९३९ साली तो अमेरिकेत निघाला. गोल चकतीवर चौदा इवल्या फिल्मा, म्हणजे सात जोड्या. खटका दाबला की पुढचं दृश्य. आई-बाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी कोणाच्या तरी घरी तो नक्की असेल आणि त्यावरून भांडणंही झाली असतील. पुढे १९९८ मध्ये 'छोटा चेतन'ने चष्मे लावून बसलेल्या मुलांना थेटरात माना चुकवायला लावल्या. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' हा मराठी चित्रपटही त्रिमितीत आला.

मग हेडसेटमध्ये नवीन ते काय? तर मान. व्ह्यू-मास्टर डोळ्यांना लावून मान वळवली तरी चित्र तेच राहतं. हेडसेटमधले संवेदक मान किती आणि कुठे वळली हे क्षणोक्षणी मोजतात आणि त्याप्रमाणे चित्र बदलतं. मागे वळून पाहिलं तर मागचं दिसतं, वर पाहिलं तर आभाळ. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आयव्हन सदरलँड यांनी असं पहिलं यंत्र बनवलं, तेव्हा ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे आणि त्यात नुसत्या रेघांच्या आकृत्या दिसत. आज ते अर्ध्या किलोच्या आसपास आलं आहे.

आता आजीचा प्रश्न. डोळे जातात का?

अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं, की हेडसेटमुळे मुलांच्या डोळ्यांना कायमची इजा होते असा पुरावा नाही. पण डोळे शिणतात, कोरडे पडतात, डोकं दुखू शकतं. कारण समजून घ्या. एरवी जवळचं पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातलं भिंगही जवळच्या अंतराला जुळतं. दोन्ही कामं जोडीने होतात. हेडसेटमध्ये मात्र चित्र कुठेही दिसो, भिंगाला कायम एकाच अंतरावर, साधारण दीड-दोन मीटरवर, जुळून राहावं लागतं. बैलगाडीचा एक बैल चालतोय आणि दुसरा उभा, अशी गत. शिवाय मोठ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं, लहान मुलांचं कमी. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये भिंगांच्या तीनच जागा होत्या : ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. लहान मुलाच्या डोळ्यांना यातली एकही नीट बसेलच असं नाही. मोठ्या भावाची चप्पल घालून पळण्यासारखंच ते!

एक गोष्ट मात्र आजींना आवर्जून सांगितली. ज्याला आकडी येते, फिट येते, अशा मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेटला हात लावू नये. झगमगत्या चित्रांनी काहींना झटके येऊ शकतात, ही सूचना बनवणारे स्वतःच देतात.

आणि मळमळ? माणगावहून म्हसळ्याकडे येणाऱ्या एस.टी.त घाटातल्या वळणांवर पुस्तक उघडून बघा, कळेल. डोळे सांगतात 'आपण स्थिर आहोत', कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'आपण वळतोय'. मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. हेडसेटमध्ये नेमकं उलटं होतं. डोळ्यांना पाळण्यात बसल्यासारखं दिसतं आणि शरीर खुर्चीत गप्प असतं. ज्याला गाडी लागते त्याला हेडसेटही लागण्याचा संभव आहे. माझ्या भाच्याला गाडी लागते. हे त्याने मागणी करताना सांगितलं नव्हतं!

वयाची अट पाहायला गेलो तर मोठीच गंमत. १९९५ मध्ये निन्टेंडोने 'व्हर्च्युअल बॉय' काढला, लाल-काळ्या चित्रांचा. सात वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नका, असं बजावलं होतं. (तो वर्षभरही टिकला नाही.) सोनीचा हेडसेट बारा वर्षांपासून पुढे, अ‍ॅपलचा तेरापासून. मेटाचीही अट तेराची होती, पण २०२३ मध्ये त्यांनी ती पालकांच्या देखरेखीखाली दहावर आणली. तीन कंपन्या, तीन वयं! मुलांचे डोळे काही कंपनीनुसार बदलत नाहीत. तेराचा आकडा अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यातही आहे. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती इंटरनेटवर गोळा करायची तर पालकांची परवानगी लागते, असं तो कायदा म्हणतो. म्हणजे खोक्यावरचा आकडा पाहून 'डोळ्यांना सुरक्षित' असा अर्थ लावू नये. आपल्याकडे २०२३ मध्ये झालेल्या माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. हेडसेटच्या कॅमेऱ्यांना तुमची खोली दिसते, हेही पालकांनी लक्षात ठेवावं.

डोळ्यांबाबत मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या शाळांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर, उघड्यावर ठेवलं. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचा चष्मा लागला, म्हणजे लांबचं दिसेनासं झालं, तर नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. बाहेरचा लख्ख उजेड डोळ्यांना हवा असतो. तेव्हा हेडसेटचा अर्धा तास कशातून कापला जाणार, हे विचारायला हवं. टीव्हीतून कापला तर माझी हरकत नाही. पुळणीवरच्या क्रिकेटमधून कापला तर आहे.

इथे भाचा रागावला. "मामा, तुम्ही शहरातले लोक आम्हाला कायम समुद्र बघा म्हणता. समुद्र काय, रोजच बघतो आम्ही!"

त्याचं म्हणणं मला पटलं. दिवेआगरच्या मुलाने समुद्र पाहिला आहे तो वरून. आत काय आहे ते त्यालाही माहीत नाही, कारण किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे जातात आणि लाटेत दिसेनाशी होतात. पुढची गोष्ट किनाऱ्यावरून कधीच कळत नाही. हेडसेटमधल्या चांगल्या माहितीपटात कासवाच्या शेजारून पोहता येतं. मुंबईच्या मुलाला वस्तुसंग्रहालय लोकलच्या अंतरावर असतं, दिवेआगरच्या मुलाचा येण्याजाण्यातच दिवस जातो. म्हणून 'खेड्यात कशाला हवीत ही थेरं' असं कोणी म्हटलं तर मी भाच्याच्या बाजूने भांडेन.

आणखी एक आठवलं. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरच्या एका वाडीत जमिनीखाली तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च २०१२ मध्ये तो चोरीला गेला आणि चोरांनी तो वितळवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची स्थापना झाली. माझ्या भाच्याने जुना मुखवटा पाहिलेला नाही, आता तो पाहता येणारही नाही. त्याची सगळ्या बाजूंनी नीट त्रिमितीय मोजणी करून ठेवलेली असती, तर आज हेडसेटमधून त्याच्याभोवती फिरता आलं असतं. या यंत्राचा असा उपयोग मला खेळांपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

तरीही मी घोटाळलो ते एका जुन्या डब्याच्या आठवणीने. पूर्वी जत्रेत सिनेमाचा डबा यायचा. गोल भोकांना डोळे लावून चार-पाच मुलं वाकून बसायची, आणि बाहेर उभा असलेला माणूस हँडल फिरवत, आत काय चाललंय ते ओरडून सांगायचा. आत बघणारा मुलगा एकटा नसायचा. बाहेरच्याला ठाऊक असायचं, त्याला काय दिसतंय. हेडसेटमध्ये हा बाहेरचा माणूस गायब झाला. मुलगा हवेत हात मारतो, हसतो, दचकतो आणि शेजारी बसलेल्या आईला काही पत्ता नसतो. त्यात पुष्कळ खेळ असे आहेत, जिथे जगातली अनोळखी माणसं आवाजासकट भेटतात. काही ठिकाणी तेराची अट असते, पण खोटं वय टाकून मुलं आत शिरतात. बागेत अनोळखी माणूस मुलाशी बोलायला लागला तर आपण चार पावलं पुढे जातो. इथे तो घरातच बोलत असतो आणि आपल्याला ऐकू येत नाही.

यावर उपाय आहे. आतलं चित्र टीव्हीवर किंवा फोनवर दाखवायची सोय बहुतेक हेडसेटमध्ये असते. म्हणून माझं मत असं, की घ्यायचाच तर हेडसेट मुलाच्या नावाने घेऊ नये, घराच्या नावाने घ्यावा. खातं बाबांचं, जागा माजघरात, चित्र टीव्हीवर, आणि आजीनेही एकदा लावून बघायचा. कोकणातल्या घराला एक सूचना : खेळायला साधारण दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते. झोपाळा आधी काढून ठेवा. डोळे झाकलेला मुलगा आणि पितळी कड्यांचा झोपाळा यांची गाठ पडू नये!

राहिला भावजींचा हिशेब. २०२३ मध्ये आलेल्या क्वेस्ट ३ ची किंमत तेव्हा अमेरिकेत ५०० डॉलर होती, पुढच्या वर्षीच्या क्वेस्ट ३ एसची ३००. म्हणजे स्वस्तातला घेतला तरी तेव्हाचे आपले सुमारे पंचवीस हजार रुपये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या पोफळी आणि माड धडाधड पडले. नवीन पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्या पावसात लावलेली रोपं आत्ता कुठे पैसे द्यायला लागतायत. काका फुकट आणतोय म्हणून हा खर्च नाही असं कसं म्हणायचं? काकाचे पैसेही घामाचेच. पोफळ एकदा लागली की वर्षानुवर्षं देते. हेडसेटचं तसं नाही. २०१९ साली आलेल्या पहिल्या क्वेस्टला कंपनीने २०२४ पर्यंतच साथ दिली. गुगलने शाळांसाठी काढलेला 'एक्सपिडिशन्स' हा आभासी सहलींचा सुंदर कार्यक्रम २०२१ मध्ये बंदच केला.

तर निवाडा असा झाला. काकाने या खेपेला हेडसेट आणायचा नाही. भाचा दोन दिवस फुगून बसला, ते चालायचंच. मे महिन्यात तो मुंबईला आला की एखाद्या खेळकेंद्रात अर्धा तास खरा हेडसेट लावून बघेल. मळमळलं तर प्रश्न तिथेच मिटला. नाही मळमळलं तर तेरा पूर्ण झाल्यावर पुन्हा बैठक बसेल. मी त्याच्या बाजूने बोलेन, असा शब्द दिला आहे.

तोवर पुठ्ठ्याचा हेडसेट! ही युक्ती गुगलने २०१४ मध्ये दाखवली. पुठ्ठ्याचं खोकं, दोन सारखी बहिर्गोल भिंगं, साडेचार सेंटिमीटरच्या आसपास नाभीय अंतराची, आणि मागे आईचा फोन. कंपनीने स्वतःची विक्री २०२१ मध्ये थांबवली, पण आराखडे खुले आहेत आणि फोनवर दोन भागांत दिसणाऱ्या चित्रफिती मिळतात. खर्च काहीशे रुपये. एका वेळी दहा मिनिटं, बसूनच, फोन गरम झाला की बंद. आमच्याकडे भिंगं आली आहेत, खोकं त्याच फुटबॉलच्या बुटांचं घेतलं आहे. काम झालं की ते फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचं. पडवीत उन्हात विसरलात तर भिंगातून ऊन एकवटतं आणि समोर फोन असला तर त्याच्या पडद्यावर डाग पडतो. महागड्या हेडसेटचंही तेच, बरं का.