‘लोकसंख्या’ की ‘रुग्णसंख्या’? : आरोग्यविचारातील एका संज्ञेविषयी

‘पॉप्युलेशन हेल्थ’ या संज्ञेचे ‘लोकसंख्येचे आरोग्य’ असे भाषांतर केले, की ते कानाला खटकते. ‘लोकसंख्या’ हा तत्पुरुष समास आहे. त्यात प्रधान पद ‘संख्या’ हे होय, आणि संख्या काही आजारी पडत नाही. तथापि या खटकण्यातच मूळ प्रश्न दडलेला आहे.

किंडिग व स्टॉडार्ट यांनी २००३ साली केलेल्या व्याख्येत दोन अंगे आहेत : समूहाचे आरोग्यमान, आणि त्या समूहात त्याची वाटणी कशी झाली आहे हे. दुसरे अंग व्यवहारात सहज गळून पडते. शिवाय समूह कोणता? तालुक्याच्या आरोग्याधिकाऱ्याच्या दृष्टीने तो तालुक्यातील सर्व माणसांचा. रुग्णालयाच्या प्रमुखाच्या दृष्टीने बहुधा नोंदवहीत नाव असलेल्यांचा. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यविषयक कायद्यानंतर अनेक संस्थांनी ठरावीक रुग्णांच्या खर्चाची व परिणामांची जबाबदारी करारान्वये पत्करली, आणि त्यांच्या बोलण्यात ‘पॉप्युलेशन’ म्हणजे तेवढेच रुग्ण असे होऊ लागले. भाषाशास्त्रात यालाच अर्थसंकोच म्हणतात. एरवी तो निरुपद्रवी असतो. येथे मात्र त्यामुळे माणसे हिशेबातून वगळली जातात.

रुग्णालयाला अपूर्णांकाचा अंश दिसतो, छेद दिसत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी छेदापासून आरंभ केला. दवाखान्यात आलेल्या नव्हे, तर दोन गावांतील ६५० स्त्रिया त्यांनी तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता. पूर्वी अशी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदवहीवरून अनुमान काढणाऱ्यास हा जिल्हा बराच निरोगी वाटला असता!

पुढे नवजात अर्भकांबाबत हीच दृष्टी उपयोगी पडली. ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन अर्भकांची शुश्रूषा केली. ताडून पाहण्यासाठी ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्युमान त्या गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा आकडा काढण्यासाठी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू गावातच नोंदवावा लागला. मग ते अर्भक डॉक्टरच्या दृष्टीस पडलेले असो वा नसो.

मराठी पर्याय म्हणून मी ‘समस्तजन-आरोग्य’ सुचवीन. शब्द जड आहे खरा; परंतु त्यातील ‘समस्त’ सहजासहजी आकुंचित होणार नाही.